अख्खा रस्ता

"ब्रेक सोडा, बाबा! वळणात धरून नाही ठेवायचा, सोडा!"

सावकाशरावांनी सोडला नाही. उलट अंगातलं होतं नव्हतं ते बळ पायात उतरवून त्यांनी तो आणखी दाबला. पडद्यावरची लाल गाडी भोवऱ्यासारखी गरगरली आणि पाठीकडून भिंतीवर जाऊन आदळली. आवाज काही फार मोठा नव्हता, टेबलावरून पत्र्याचा डबा पडावा एवढाच. पण सावकाशरावांचे डोळे गच्च मिटलेले होते, बनियन पाठीला चिकटलं होतं, आणि स्टिअरिंगवरची त्यांची बोटं मुलीला एकेक करून सोडवावी लागली.

"मागे... मागे कुणाला लागलं का?" त्यांनी विचारलं.

मुलीने त्यांचे हात त्यांच्या मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "मागे कुणी नाही, बाबा. या गाडीला एकच सीट असते."

"अहो, कुणाची भिंत पाडली?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "आपली नाही ना?"

मुलगी हसली. सावकाशरावांना हसू आलं नाही. पाणी प्यायला ते उठले, तर दाराची चौकट धरावी लागली.

सावकाशराव हे त्यांचं डेपोतलं नाव. डोंगराच्या रस्त्यावर त्यांनी उभी हयात बस चालवली आणि तीही अशी, की लोक म्हणायचे, यांच्या बसमधून उतरावं, चार पेरू तोडावेत आणि पळत न जाता पुन्हा चढावं. चिडवता चिडवता नाव चिकटलं आणि पुढे त्यांनाही ते आवडायला लागलं. गाडीला ओरखडा नाही, माणसाला खरचटणं नाही. मागच्या वर्षी एका दुपारी मात्र भर उतारावर त्यांच्या बसचा ब्रेक गेला. पायाखालचं पेडल लोण्यात बोट बुडावं तसं खाली गेलं आणि तिथंच राहिलं. एकीकडे दरी, एकीकडे डोंगर. सावकाशरावांनी बस डोंगराच्या अंगाला घासत घासत नेली. काचा फुटल्या, दोघांचे हात मोडले, एका बाईचे पुढचे दात गेले, पण जीव सगळ्यांचे वाचले. डेपोत त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या. त्या वाजत असतानाच त्यांच्या लक्षात आलं, की आपले गुडघे हलताहेत आणि ते काही केल्या थांबत नाहीत.

तेव्हापासून ते बसच्या पायरीवर चढू शकले नव्हते. दारातल्या दांड्याला हात लावला की तोंडाला कोरड पडे आणि पाठीमागून त्या दिवशीचा ओरडा ऐकू येई. डेपोच्या साहेबांनी त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. पण भीती कुठं एका जागी बसते? भिंतीतल्या ओलीसारखी ती पसरत गेली. आधी बस, मग कुणाचीही मोटार, मग जिना. पुढे पुढे तर उताराच्या गल्लीतून चालतानाही ते कडेच्या भिंतीला हात लावून चालायला लागले. आणि साहेबांनी सांगून ठेवलं होतं, "राव, पावसाळा संपला की चाचणी घेतो. झाली तर गाडी, नाही तर कायमची खिडकी."

मुलगी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. तिला गाड्यांच्या शर्यतींचा नाद, पण कॉम्प्युटरवरच्या. मागच्या खोलीत तिने लोखंडी सांगाड्यावर एक सीट, स्टिअरिंग आणि तीन पेडलं बसवून घेतली होती, समोर तीन पडदे. सुट्टीच्या दिवशी ठिकठिकाणचे लोक आपापल्या घरात बसून एकाच रस्त्यावर शर्यत लावायचे. सावकाशराव पूर्वी चेष्टा करत, "ही कसली गाडी, जी कुठंच जात नाही?" आता मुलीने तेच वाक्य त्यांना परत केलं. "जी कुठंच जात नाही तिच्यात तरी बसा, बाबा. हिचा ब्रेक गेला तर फार तर खुर्चीवरून पडाल."

पहिले काही दिवस ते खुर्चीवरून पडले नाहीत इतकंच. प्रत्येक वळणाच्या कितीतरी आधी ब्रेक, वळणात ब्रेक, वळण संपल्यावरही ब्रेक. मुलगी शेजारी स्टूल घेऊन बसायची.

"बाबा, तुम्ही बघता कुठं?"

"रस्त्याकडे."

"बोनेटच्या पुढचा हातभर रस्ता बघता. लांब बघा. जिथं जायचंय तिथं बघा, हात आपोआप तिकडे जातात."

त्यांनी मान वर केली. खरंच गाडी जरा सरळ झाली.

"आता ब्रेक. सरळ रस्त्यावरच, एकदम जोरात दाबायचा. आणि वळणात शिरताना हळूहळू सोडायचा, झोपलेल्या बाळाखालून हात काढतो ना, तसा."

"आणि गाडी नाही थांबली तर?"

"थांबवायची नाहीच आहे!" मुलगी म्हणाली. मग त्यांचा चेहरा बघून तिने आवाज खाली आणला. "बाबा, तुम्ही अजून आपली बाजू धरून चालवताय. इथं समोरून कुणी येत नाही. अख्खा रस्ता तुमचा आहे. बाहेरच्या कडेने शिरा, आतल्या कडेला चिकटा, पुन्हा बाहेरच्या कडेला निघा. जितकं रुंद घ्याल तितका वेग टिकतो."

अख्खा रस्ता आपला, ही गोष्ट सावकाशरावांच्या डोक्यात शिरायला आठवडे लागले. खेळात एक सोय होती. आपल्याच सगळ्यात चांगल्या फेरीची एक धूसर, आरपार दिसणारी गाडी पुढे धावायची. तिला गाठायचं. त्या गाडीची सावकाशरावांना आधी फार धास्ती वाटे. आपणच पुढे चाललोय, आपल्याला मागे टाकून, आणि आता कुठल्याही क्षणी कठड्यावरून खाली जाऊ, असं वाटून त्यांचा श्वास अडके. ते मुद्दाम मागे राहत. पण रोज संध्याकाळी बसता बसता एक दिवस त्यांनी त्या धूसर गाडीला वळणात गाठलं आणि तिच्यातून पलीकडे निघून गेले. मुलीने टाळी वाजवली. बायको पोळपाट-लाटणं तसंच टाकून बघायला आली.

"काय झालं?"

"बाबांनी बाबांना मागे टाकलं!"

"बरं झालं," बायको म्हणाली. "फारच हळू होते ते."

मग एका सुट्टीच्या आदल्या दिवशी मुलीच्या जोडीदारणीचा हात मोडला. शर्यत दोघांची, अर्धी एकाने चालवायची, अर्धी दुसऱ्याने. मुलीने बाबांकडे बघितलं. सावकाशराव म्हणाले, "वेडी आहेस का?" आणि तरीही शर्यतीच्या दिवशी सकाळीच हातमोजे घालून तयार झाले. जेवण गेलं नाही. त्यांची पाळी आली तेव्हा मागेपुढे वीस गाड्या होत्या आणि सगळ्या खऱ्या माणसांनी चालवलेल्या. हातमोज्यांच्या आत घाम निथळत होता. उतारावर पुढची निळी गाडी अचानक आडवी झाली. त्या क्षणी त्यांचा पाय ब्रेककडे गेलाच. पण डोळे लांबच्या मोकळ्या पट्टीवर होते, हात डोळ्यांमागे गेले आणि लाल गाडी निळीच्या नाकासमोरून केसभर अंतराने निघून गेली. ती दोघं तिसरी आली. सावकाशराव सीटवरून उठले तेव्हा त्यांचे गुडघे स्थिर होते. बायकोने पदर डोळ्यांना लावला, मुलीने बापाला मिठी मारली.

त्या आठवड्यापासून ते जिना कठडा न धरता उतरायला लागले. चाचणीत साहेब शेजारी बसले होते, बस रिकामी होती, रस्ते गावातले. सावकाशरावांनी ती अशी चालवली, की साहेब म्हणाले, "राव, वर्षभर खिडकीत बसून तरुण झालात की!"

पहिल्या दिवशी बस भरलेली होती. कंडक्टर त्यांचा जुना सोबती, त्याने दारातूनच आरोळी दिली, "बसा, बसा, आज घड्याळं घरी ठेवून आला असाल तरच बसा!" ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एक आजी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हळू ने रे बाबा, मला गरगरतं."

"काळजी करू नका, आजी."

चढ सरला. माथ्यावरून उतार सुरू झाला. सावकाशराव भीतीची वाट बघत होते. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसं त्यांचं मन पुन्हा पुन्हा तिथं जात होतं, आणि तिथं काहीच नव्हतं. एक वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणाला त्यांची नजर लांब गेली. ब्रेक एकदाच जोरात बसला आणि अलगद सुटला. बस बाहेरच्या कडेने आत शिरली, डोंगराला लगटली आणि सरकत सरकत पुन्हा दरीच्या कडेला निघाली. किती सुंदर वळण होतं ते! इतकं सुरेख वळण त्यांनी आयुष्यात घेतलं नव्हतं. त्यांच्या छातीत काहीतरी आनंदासारखं उसळलं.

आणि समोर मोटरसायकल होती.

एक माणूस, मागे बाई, बाईच्या कुशीत तान्हं मूल. ते आपल्या बाजूने निमूट चढत येत होते आणि त्यांच्या बाजूला सावकाशरावांची बस होती. माणसाचं तोंड उघडं पडलेलं दिसलं. त्याने हँडल फिरवलं, मोटरसायकल रस्ता सोडून खडीत घुसली, दरीच्या कठड्याशी कलंडली. सावकाशरावांनी बस आपल्या बाजूला ओढली आणि थांबवली.

ते धावत गेले. माणसाचा गुडघा फुटला होता. बाई खडीत बसली होती, मूल छातीशी घट्ट धरून. मुलाला ओरखडाही नव्हता, ते मोठमोठ्याने रडत होतं. बाईने सावकाशरावांकडे बघितलं आणि मुलाचं डोकं हाताने झाकलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

"काय झालं, राव?" कंडक्टर धापा टाकत आला. "पुन्हा ब्रेक?"

मागे सगळे प्रवासी खिडक्यांतून बघत होते. कुणीतरी म्हणालं, "ब्रेकच असणार. बिचाऱ्याच्या नशिबीच येतात." नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"ब्रेक ठीक आहेत," सावकाशराव म्हणाले. "मी अख्खा रस्ता घेतला."

"म्हणजे?"

"म्हणजे समोरून कुणी येत नाही असं धरून चालवलं."

कंडक्टरने त्यांना बाजूला घेतलं. "हे बघा, कुणाला काही झालेलं नाही. गुडघ्याला पट्टी बांधली की झालं. दुपारपर्यंत पोचू आपण. कशाला ओढवून घेता? घाबरलात तुम्ही, दुसरं काही नाही. पाणी प्या, हात थरथरायचे थांबले की निघू."

सावकाशरावांनी दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. ते दगडासारखे स्थिर होते. स्वतःचे ते हात बघून त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. ब्रेक गेला त्या दिवशीही इतकी भीती वाटली नव्हती. त्या दिवशी गाडी दगा देत होती आणि हात आपले होते.

"दुसरा ड्रायव्हर मागव," ते म्हणाले.

"राव, साहेब आता कायमचं खिडकीत बसवतील!"

"मागव."

त्यांनी बसच्या चाकांमागे दगड लावले. मोटरसायकलवाल्याचा गुडघा धुतला, पट्टी बांधली, त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "होतं, काका, होतं," आणि त्या 'होतं'ने त्यांना आणखीच खाली बघायला लावलं. मग जरा लांब जाऊन त्यांनी मुलीला फोन लावला. ऐकताना ती रडायला लागली. "मीच शिकवलं, बाबा. अख्खा रस्ता तुमचा म्हणून मीच सांगितलं."

"तू खेळ शिकवलास, बेटा, आणि चांगला शिकवलास," ते म्हणाले. "तिथला रस्ता इथं मी आणला. पुढच्या शर्यतीत मला घे, हवं तर. पण मागे माणसं बसवून तसं चालवायचं नाही."

दुसरा ड्रायव्हर आला. तरणा पोरगा होता. नजर चुकवत त्याने किल्ली घेतली. प्रवासी पुन्हा आत चढले. सावकाशराव शेवटी चढले आणि उभेच राहिले. बस तुडुंब भरलेली होती. मग ड्रायव्हरमागच्या सीटवरच्या आजींनी मांडीवरची पिशवी पायाशी ठेवली, खिडकीकडे सरकून जागा केली आणि सीटवर हात आपटला.

"ये, बस इथं."

"आजी, मगाशी तुम्हाला घाबरवलं मी."

"घाबरले तर. पण उभा राहून काय होणार? बस."

ते बसले. बस निघाली. पहिल्या वळणाला त्यांनी समोरचा दांडा घट्ट धरला. उतार लांब होता. जरा वेळाने आजींची मान कलायला लागली, एकदा सावरली, पुन्हा कलली आणि मग त्यांचं डोकं सावकाशरावांच्या खांद्यावर येऊन टेकलं. वळणावर बस झुकली तसे ते स्वतःही झुकले, आजींची झोप मोडणार नाही इतके बेताने, आणि पायथा येईपर्यंत त्यांनी तो खांदा काढून घेतला नाही.