कुणी नसल्याचा निरोप

गूळ तळहाताला चिकटला होता. सुपारीएवढा खडा, त्याला एका अंगानं लुगड्याचा बारीक धागा लागलेला, आणि उन्हानं आता कडेकडेनं पाझरायला लागलेला... सुग्रीव तो तोंडातही टाकत नव्हता आणि खिशातही ठेवत नव्हता. उमापूरच्या चारा छावणीत उसाच्या वाढ्यांची गाडी आली होती, सगळी माणसं तिकडं पळाली होती, आणि हा आपला औषधांच्या पेटीवर बसून गुळाकडं बघत राहिला होता.

केसरबाई आत्ताच देऊन गेल्या होत्या.

"घ्या डाक्टर, तोंड ग्वाड करा. मैना गाभण हाय. आज तीन महिनं भरले."

तो डॉक्टर नव्हता. दूध संघाचा साधा पशुधन सहायक; पण छावणीत सुई टोचणाऱ्या प्रत्येकालाच डाक्टर म्हणायची पद्धत, आणि त्यालाही ते ऐकायला बरं वाटायचं. आज वाटलं नाही.

"पण मावशी, काल तर तुमी न्हाई म्हणलात..."

"काल एक दिस कमी व्हता ना! आमच्यात तीन महिनं भरल्याबिगर सांगत न्हाईत कुणाला, नजर लागती. घरी लेकाला बी सांगितलं न्हाई म्या." मग आवाज खाली आणून, कौतुकानं, "आन् काल तुमी लस टोचली ते लई बेस झालं. वासराला बी लागू व्हईल."

लस! मागच्या आठवड्यात लाळ-खुरकताची लस टोचली होती, म्हणून कालची सुईही लसच, असं तिनं धरलं. मी विचारलं, तिनं सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. किती साधं होतं सगळं...

काल त्यानं रांगेतल्या बेचाळीस गायींना सुई दिली होती. माजावर न येणाऱ्या गायी एकदमच माजावर आणायच्या, म्हणजे पुढच्या वर्षी एकदम व्यायल्या की संघाच्या रिकाम्या टाक्या भरतील, अशी योजना. कागदावर झकास दिसत होती. नियम एकच, आधी हात घालून तपासायचं, गर्भ नाही याची खात्री करायची, मग सुई. पण हातमोजे सकाळीच संपले, पाण्याचा टँकर आलाच नाही, पहिल्या दोन गायी तपासल्यावर खांद्यापर्यंत शेणानं भरलेला हात त्यानं पाचटानं पुसला आणि पुढं नुसतं विचारत गेला — "गाभण हाय का?" — "न्हाई." — सुई. — "गाभण हाय का?" — "न्हाई." बादलीभर पाण्याचा प्रश्न होता, सुग्रीव, बादलीभर पाण्याचा.

दूध संकलन केंद्रावर कामाला होता तेव्हा चरबी म्हणजे त्याला यंत्रावरचा एक आकडा वाटायची. पदविकेच्या वर्गात कळलं की प्रत्येक पेशीच्या आवरणातही चरबीच असते, आणि वेळ आली की शरीर त्यातलाच एक तुकडा तोडून त्याचा निरोप बनवतं. प्रोस्टाग्लँडिन. हे नाव पाठ करायला त्याला दोन दिवस लागले होते. या निरोपांचं कोठार नसतं, लागेल तेव्हा बनतात, जवळपासच्या पेशींना सांगायचं ते सांगतात आणि मिनिटांत मोडून जातात. गायीचं गर्भाशय सोळा-सतरा दिवस वाट बघतं आणि मग हाच निरोप धाडतं, कुणी आलेलं नाही. तो पोचला की गर्भ जपणारा बीजकोषातला पिवळा गोळा विरघळतो, गाय पुन्हा माजावर येते. पण गर्भ असेल, तर नीट दिसणारही नाही एवढासा तो जीव वेळेवर कळवतो, मी आहे. आणि गर्भाशय गप्प राहतं. हे शिकला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, शेजारचे हसले होते.

मैनेच्या वासरानं अडीच महिन्यांपूर्वी हे कळवलं होतं. अगदी वेळेवर. आणि काल दुपारी चार वाजता मी तिच्या मानेत तोच निरोप टोचला, कुप्पीभर खोटं. आत कुणी नाही. केसरबाई नजरेच्या भीतीनं 'न्हाई' म्हणाल्या, ते हवेतच विरलं असतं. मी ते उचलून गायीच्या रक्तात सोडलं...

त्यानं गेवराईच्या डॉक्टर जमीलना फोन लावला.

"किती तास झाले?"

"सतरा."

"गर्भ टिकवायची सुई सुरू करून बघू. रोज टोचावी लागेल, बरेच दिवस. वाचेलच असं नाही, सुग्रीव. पण आज नाही केलं तर संपलंच. मी दुपारपर्यंत येतो. तू बाईंना सांगून ठेव."

"सांगायलाच पायजे का?"

"रोज सुई कशाची, हे विचारणार नाही का ती?"

ताकदीची, असं सांगता आलं असतं. तिनं विश्वास ठेवला असता. वर अजून गूळ दिला असता. किंवा काहीच न सांगता, काहीच न करता... मागच्या आठवड्यात दोन गायींनी गर्भ टाकला, लोकांनी उन्हाला नावं ठेवली, वाळक्या वाढ्यांना ठेवली, कुणी त्याच्याकडं बघितलंही नाही. मैनेचंही तसंच होईल. केसरबाई रडतील, आणि मग... त्याचा विचार इथं अडखळला. केसरबाई उन्हाला दोष देणार नव्हत्या. म्या सांगायची घाई केली, म्हणतील. तीन महिनं जपलं आन् ज्या दिशी गूळ वाटला त्या दिशीच नजर लागली. जन्मभर त्या या खड्यालाच दोष देत राहतील.

हे मात्र त्याला सहन होईना. नोकरीची भीती होती, लोकांची होती, ती गेली नव्हती. पण तो पेटीवरून उठला होता. आत्ता जे बळ बनलंय ते दुपारपर्यंत टिकणार नाही, हे त्याला स्वतःबद्दल चांगलं ठाऊक होतं. डॉक्टर यायची वाट बघत बसलो तर मी ताकदीची सुईच म्हणेन.

केसरबाई मैनेपुढं वाढ्यांचे बारीक तुकडे करत बसल्या होत्या. हिरवे तेवढे वेगळे, तिच्यासाठी.

"अवं, गूळ खाल्ला न्हाई व्हय? इरघळला की सगळा."

"मावशी," तो म्हणाला आणि त्यांच्यासमोर मातीत बसला. "कालची सुई लसीची नव्हती."

विळा थांबला. मैना मात्र चघळत होती, शांतपणे, तिला अजून काही कळलेलं नसावं, की कळायला लागलं होतं... त्याला पुढचं सगळं सांगायचं होतं, आणि आश्चर्य म्हणजे सांगता येईल असं वाटत होतं. गूळ अजून हातातच होता. तो खायचा की परत करायचा, हे आता केसरबाईंनीच सांगायचं होतं.