दोन बोटांचा ठेका

“आपण भिंगरीचे कोण?” सभागृहाच्या दारावरच्या मुलीने विचारलं. तिच्या हातात गळ्यात अडकवायच्या फिती होत्या. घरच्यांना लाल, बाकीच्यांना पांढऱ्या.

लिफ्टवाल्याने पुढे पाहिलं. बायको आणि मुलगी केव्हाच आत गेल्या होत्या. दोघींच्या गळ्यात लाल फिती दिसत होत्या.

“मी त्यांना सोडायला आलोय,” तो म्हणाला. “पांढरी द्या, चालेल.”

त्यात खोटं काही नव्हतं. गाडी त्यानेच चालवत आणली होती.

भिंगरी म्हणजे त्याच्या बायकोचा पहिला नवरा. रॉक गिटार वाजवायचा. मोडक्या टेपरेकॉर्डरमधली मोटार काढून तिचं छोटं रबरी चाक त्याने गिटारच्या तारेवर फिरतं धरलं आणि छेडलेला सूर विरून न जाता लांबतच राहिला. असं तोवर कुणी केलं नव्हतं. त्या एका चाकापायी त्याला भिंगरी नाव पडलं आणि गिटार शिकणाऱ्या पोरांनी घरोघरचे टेपरेकॉर्डर खोलून आयांच्या शिव्या खाल्ल्या. मग एका कार्यक्रमाहून परतताना बँडची गाडी उलटली. ड्रम वाजवणारा मित्र वाचला, भिंगरी गेला. तिशीही गाठली नव्हती त्याने. मागे बायको आणि रांगती मुलगी.

लिफ्टवाला या मायलेकींच्या इमारतीत लिफ्टच्या दुरुस्तीला यायचा. लिफ्ट बंद असली की तो तिच्या पिशव्या जिन्याने वर पोचवायचा. त्या वर्षी लिफ्ट जरा जास्तच बिघडायची, असं बायको अजून लोकांना सांगते.

“पोरगी मला काका म्हणेल,” लग्नाआधी त्यानेच सांगून टाकलं होतं. “बाबा तिला आहे.”

संगीतातलं त्याला फारसं कळत नव्हतं. भिंगरीचा तो लांबलचक सूर ऐकला की कुठेतरी वंगण कमी पडलंय असं त्याला वाटे. पण पोरीला आपला बाप माहीत असायला हवा, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. म्हणून तो सुट्टीच्या दिवशी ड्रमवाल्याच्या पडद्यांच्या दुकानात जाऊन बसायचा, भिंगरीच्या गोष्टी विचारून घ्यायचा आणि सकाळी पोरीच्या वेण्या घालता घालता त्या तिला सांगायचा. बाबा झुरळाला घाबरायचा. बाबाला पोहता येत नव्हतं, तरी पैज लावून तळ्यात उडी मारली आणि मित्रांनी केसाला धरून बाहेर काढलं. पोरगी इतकी हसायची की वेणी सुटायची.

अशाच एका सकाळी, ती चौथीत असेल, आरशात बघत ती म्हणाली, “काका, मला एक आठवतं. मला खूप ताप होता. कुणीतरी मला खांद्यावर घेऊन खोलीत फिरत होतं. पाठीवर दोन बोटांनी वाजवत होतं. टक-टक, टक. टक-टक, टक. ते बाबा होते ना?”

तो ताप लग्नानंतरचा. लिफ्टवाला तेव्हा आठवडाभर कामावर गेला नव्हता. आणि तो ठेका म्हणजे जुनी लिफ्ट मजले सोडत वर जाताना जसा आवाज करते तसा होता, कारण दुसरा कुठला ठेका त्याला येतच नव्हता.

आरशात पोरीचा चेहरा नुसता उजळला होता.

“हो,” तो रिबीन बांधत म्हणाला. “बाबाच.”

बायको दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

आता तीच पोरगी, दातांची डॉक्टर झालेली, माइकसमोर उभी होती. भिंगरीच्या आठवणींच्या कार्यक्रमाला सभागृह गच्च भरलं होतं. पांढऱ्या केसांचे, पोट सुटलेले भिंगरीचे जुने चाहते पोराबाळांना घेऊन आले होते.

“बाबांच्या खूप गोष्टी मला ऐकून ऐकून पाठ झाल्यात,” ती म्हणाली. “पण माझी स्वतःची आठवण एकच.” आणि तिने ती तापाची गोष्ट सांगितली. मग दोन बोटांनी माइकवर वाजवून दाखवलं. टक-टक, टक.

मागे गिटार घेऊन बसलेल्या तरुणीने तारेवर फिरतं चाक टेकवलं. भिंगरीचा तो न संपणारा सूर निघाला आणि ठेका त्याखाली अलगद बसला. ड्रमवाल्याने तो उचलला. मग पहिल्या रांगेने खुर्चीच्या हातावर, मग दुसरीने, आणि बघता बघता अख्खं सभागृह जुन्या लिफ्टचा ठेका धरून बसलं. शेवटच्या रांगेत लिफ्टवाल्यानेही गुडघ्यावर बोटं टेकवली. पण त्याला हसू येत होतं, त्यामुळे तोच तेवढा चुकत होता.

कार्यक्रम संपल्यावर बायको गाडीपाशी त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. मुलगी अजून लोकांच्या गराड्यात होती.

“आता तरी सांगा तिला,” बायको म्हणाली. “तो तेव्हा नव्हताच. तुम्ही होतात.”

“माझ्याकडे तिच्या आठवणी काय कमी आहेत? शाळेतला पहिला दिवस आहे, सायकलवरून पडलेली आहे, नवऱ्याशी भांडून आली ते आहे. त्याच्याकडे काहीच नव्हतं. एक दिली.”

“मला विचारून द्यायची. माझीही होती ती. त्या तापाच्या रात्री दारातून बघत होते मी तुम्हाला, तेव्हा वाटलं होतं, लग्न केलं ते बरंच झालं.”

हे तिने इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. त्याने उगाच काच पुसायला घेतली.

“मग तुझी तू ठेव की,” शेवटी तो म्हणाला. “ती कुठे कुणाला दिलीय मी.”

बायको हसली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

मुलगी हात भरून फुलं घेऊन आली आणि मागे रेलली. “काका, कसं झालं माझं?”

“शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू आलं.”

“रडले नाही ना मी?”

“छे.”

पहिल्याच चौकात तिला झोप लागली. फुलांवर डोकं, तोंड उघडं. पुढे जवळचा रस्ता खोदून ठेवलेला दिसत होता. लिफ्टवाल्याने गाडी लांबच्या, गुळगुळीत रस्त्याला वळवली आणि वेग आणखी कमी केला.