ताडपत्रीखालचं सरपण

गल्लीत सगळे त्यांना वखारवाल्या मावशी म्हणत. लाकडाच्या वखारीत त्यांनी तीस वर्षं काढली होती, आणि ओंडक्याच्या टोकाच्या भेगा पाहून तो कधी तोडला ते त्या सांगायच्या. लाकडाच्या बाबतीत त्यांच्यापुढे शहाणपण पाजळायची कुणाची टाप नव्हती. ओलं सरपण जाळणाऱ्याला त्या तोंडावर सुनावायच्या, की त्यापेक्षा शेगडीत सरळ तांब्याभर पाणी ओत.

अशा बाईच्या घरात या थंडीत ओलं लाकूड जळत होतं.

सुकं नव्हतं असं नाही. मागच्या भिंतीपाशी त्यांच्या मुलाने रचलेली चवड होती. आदल्या थंडीत त्याच्या चार वर्षांच्या लेकीची छाती धुराने भरली होती. पुढच्या वर्षी या घरात एक ओली काडी येणार नाही, असं म्हणत त्याने उन्हाळा लागताच सगळं सरपण फोडलं. खाली फळ्या, मधून वाऱ्याला वाट, साल वरच्या अंगाला, सगळं आईने शिकवलं होतं तसं. पावसाळ्याच्या सुरुवातीला तो तापाने आठ दिवसांत गेला. चवड राहिली.

मावशींनी तिला कुणाला हात लावू दिला नाही. एकेक फाटा त्याच्या हाताने बसवलेला होता. पाऊस तिरपा येऊ लागला तशी त्यांनी अख्ख्या चवडीवर ताडपत्री घातली, चारही बाजूंनी जमिनीपर्यंत ओढली, दोरीने आवळली. नुसतं वरून झाका, बाजू उघड्या ठेवा, नाहीतर आत ओल कोंडते, हे त्यांनीच निम्म्या वस्तीला शिकवलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय? पण घरातलं माणूस गेलं की शिकलेलं सगळं कुठे आठवतं.

सून बाजारात मिळेल ते सरपण आणायची. ऐन थंडीत सुकं कोण विकतंय? शेगडीत फाटे फसफसायचे, टोकांतून पाणी उकळायचं, खोलीत धूर कोंडायचा आणि नात खोकून खोकून निळी पडायची. सुनेने चवडीबद्दल तोंडातून ब्र काढला नाही.

मग एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी पोरीची छाती तपासून स्पष्टच सांगितलं. आजपासून एकतर धूर घराबाहेर, नाहीतर पोर.

दुपारी सुनेने बॅग भरायला घेतली. थंडी सरेपर्यंत लेकीला घेऊन माहेरी जाते, म्हणाली. ती चिडून बोलली असती तर मावशींनी चार शब्द ऐकवले असते. ती अगदी हळू बोलली. मुलगा गेला होता, आता त्याची लेकही चालली होती.

त्या तशाच मागे गेल्या आणि विळ्याने दोरी कापली.

ताडपत्री उचलताच आंबूस, कोंदट वास आला. खालचे चार थर काळे पडले होते, त्यांवर पांढरी बुरशी चढली होती. एक फाटा दाबला तर नख आत गेलं. त्याने जिवापाड मेहनत करून वाळवलेलं लाकूड त्यांनी स्वतःच्या हाताने कुजवलं होतं. त्या तिथेच ओल्या मातीत बसल्या.

मग हातांनीच काम सुरू केलं. कुजलेलं एकीकडे, दमट दुसरीकडे. वरच्या थरांतले दोन फाटे एकमेकांवर आपटले तर खणखणीत वाजले. तसे कवेत मावतील तेवढे फाटे घेऊन मावशी घरात आल्या.

सून बॅगेपाशी उभी होती. फाटे ओळखून तिचा चेहरा उतरला.

"आई, ते नका जाळू," ती म्हणाली. "आम्ही जातो ना."

"त्याने हे पोरीसाठी फोडलं होतं गं," मावशी म्हणाल्या. "आणि मी त्याच्यासाठी ठेवून बसले. अर्धं कुजवलं मी."

सुनेने विचारलं, उरलेलं किती दिवस पुरेल. महिनाभर, मावशींनी सांगितलं, आणि दमट फाटे रोज थोडे शेगडीशेजारी उभे केले तर ते तोवर वाळतील, थंडी निभेल.

शेगडी एका काडीत पेटली. ज्वाळा स्वच्छ होती. नात जवळ सरकली, हात शेकत बसली, आणि कितीतरी वेळ खोकली नाही. मावशींनी आणखी एक फाटा आत सारला आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. इतके दिवस डोळ्यांतल्या पाण्याला धुराचं निमित्त होतं. आज धूर नव्हता. सुनेने ते पाहिलं आणि बॅग तशीच सोडून ती सासूला खेटून बसली.