थोरला, धाकटा आणि मी

मित्रांनो, मी एक थकलेला संगणक आहे. नुसता जुना म्हटलं असतं, पण लोक जुनं ते सोनं म्हणतात, आणि माझ्यात सोनं असलंच तर एखाद्या तारेच्या टोकाला कणभर असेल. चालू केलं की आधी माझा पंखा कण्हतो, मग दिवा लागतो, आणि आपण कोण, कुठे आहोत, हे आठवायला मला बराच वेळ लागतो. तोवर समोरचा माणूस चहा पिऊन येतो.

माझ्या जन्माचं कौतुक सांगण्यासारखं नाही. हातमोजे घातलेल्या कुणीतरी मला जोडलं, चालतो का ते पाहिलं आणि खोक्यात घातलं. पहिली नोकरी विम्याच्या कचेरीत केली. तिथे नवे, चपटे संगणक आले तेव्हा मला दान करण्यात आलं. ज्याचा कंटाळा येतो ते माणसं दान करतात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, पण मला वाटलं.

मी आलो तो एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्यासाठी इथे पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतात. आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत, म्हणजे रस्त्यावरचे भोंगे पुस्तकात शिरत नाहीत. वाचताना तिथला पंखाही बंद ठेवतात, त्यामुळे वाचून बाहेर येणारा माणूस नुकताच न्हाऊन आल्यासारखा दिसतो. माझा पंखा मात्र बंद करता येत नाही. सुरुवातीला मला आत ठेवलं होतं, तेव्हा एका प्रेमकथेत नायिका अगदी हळव्या आवाजात निरोप घेत होती आणि मागे मी घरघरत होतो. दुसऱ्याच दिवशी माझी रवानगी बाहेरच्या खोलीत झाली.

ही संस्था बाई चालवतात. त्यांची सून कुठल्याशा मोठ्या कचेरीत संगणकाचंच काम करते आणि सुटीच्या दिवशी इथे येऊन माझी देखभाल करते. सासू-सुनेचं छान जमतं, कारण दोघी सगळं भांडण माझ्यावरून इथेच उरकून घेतात आणि घरी हात हलवत जातात.

आणि माझ्यासमोर रोज बसायचे ते कानसेन. त्यांना जन्मापासून दिसत नाही. तानसेन व्हायचं राहून गेलं म्हणून कानसेन झालो, असं ते स्वतःच म्हणत, आणि मग सगळे तेच म्हणू लागले. वाचून झालेलं प्रत्येक पुस्तक ते कानाला लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत. कुठे शब्द गळला, कुठे ओळ दोनदा वाचली, कुठे वाचणाऱ्याला जांभई आली, की ते एक कळ दाबत आणि तिथे खूण होई. त्यांनी पसंती दिल्याशिवाय पुस्तक बाहेर जात नसे. वाचणारी मंडळी त्यांना जरा वचकूनच असत, आणि त्यांच्या पसंतीची वाटही पाहत.

हे काम ज्या प्रोग्रामवर चाले, त्याच्याबद्दल थोडं सांगायला हवं. बरेचसे प्रोग्राम म्हणजे कुलूप लावलेल्या पेट्या. आत काय चाललंय ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. आमचा प्रोग्राम तसा नव्हता. तो ओपन सोर्स होता, म्हणजे उघडा. कुणीही आत डोकवावं, बिघडलेलं दुरुस्त करावं, नक्कल काढून मित्राला द्यावी, अशी मोकळीक होती. मुख्य म्हणजे तो बोलायचा. कानसेनांनी कळ दाबली की पान कितवं, ओळ कितवी, खूण झाली की नाही, हे तो त्यांच्या कानात सांगायचा. त्यामुळे त्यांना कुणाची मदत लागत नसे. सकाळी ते काठी कोपऱ्यात उभी करत, मला चालू करत आणि संध्याकाळपर्यंत कुणाला हाक मारत नसत. तेच माझे सुखाचे दिवस.

मग त्या प्रोग्रामला फाटा फुटला. ज्या लोकांनी तो बनवला होता, त्यांच्यातले काही एका कंपनीत गेले आणि कंपनीने त्याची नवी आवृत्ती काढली. ती दिसायला देखणी होती. कळांच्या जागी रंगीत चित्रं आली. माउस फिरवायचा आणि चित्रावर टिचकी मारायची. बोलण्याची सोय मात्र गेली. ती 'लवकरच येईल' असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. मित्रांनो, हे 'लवकरच' मी आयुष्यभर फार वाचलं आहे. उरलेल्या लोकांना हे पटलं नाही. त्यांनी जुन्या उघड्या प्रोग्रामची नक्कल घेतली आणि आपली वेगळी चूल मांडली. अशा वेगळ्या झालेल्या भावाला संगणकवाले फोर्क म्हणतात. आमच्याकडे पुस्तकं वाचायला येणारे एक दंतवैद्य मात्र कंपनीच्या प्रोग्रामला थोरला आणि दुसऱ्याला धाकटा म्हणू लागले, आणि तीच नावं पडली.

दोघांतला एक निवडणं भाग होतं. आमच्याकडची जुनी आवृत्ती आता कुणीच सांभाळत नव्हतं आणि ती मधूनच तपासलेलं काम गिळून टाकी. सुनेने दोघांनाही माझ्यावर बसवलं आणि म्हणाली, "महिनाभर दोन्ही वापरून बघू." बघणारे बघतात, मित्रांनो, ओझं कोण वाहतं? एका म्हाताऱ्याच्या पाठीवर दोन भाऊ, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. त्या महिन्यात मी इतका तापायचो की छापखान्यातली मांजर येऊन मला टेकून झोपायची.

महिना संपला तेव्हा एका रविवारी बाईंनी सगळ्या वाचणाऱ्यांना बोलावलं.

"मला थोरला बरा वाटतो," बाई म्हणाल्या. "कंपनी आहे, कचेरी आहे, अडलं तर फोन उचलायला माणूस आहे. धाकट्याचं काय? चार हौशी लोक. उद्या त्यांची हौस फिटली की आपण वाऱ्यावर. मला आता झेपत नाही गं हे सगळं."

"आई, पण थोरला बोलत नाही," सून म्हणाली. "कानसेनकाकांनी काम कसं करायचं?"

"शेजारी बसू की आम्ही आळीपाळीने!" दंतवैद्य अगदी मनापासून म्हणाले. "कुठे टिचकी मारायची ते काकांनी सांगायचं, आम्ही मारू."

"बसाल हो तुम्ही," कानसेन म्हणाले. "पण पुस्तक तुमचं, वाचलेलं तुम्ही, आणि चुकीवर खूणही तुम्हीच करणार. मग मी काय, तुमची सोबत करायला येऊ?"

सगळे हसले. कानसेनही हसले, पण त्यांच्या बोटांनी खुर्चीची कड घट्ट धरली होती. आयुष्यात जे एक काम ते कुणाचा हात न धरता करत होते, ते जाणार होतं. ही गोष्ट त्या खोलीत मला कळत होती आणि त्यांना. बाकीच्यांना कळली नव्हती असं नाही, पण गरम होत होतं, घरी जायची वेळ झाली होती, आणि थोरल्याची चित्रं खरंच सुरेख होती.

"चला, फार ताणायला नको," बाई म्हणाल्या. "थोरला हवा असेल त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. एक, दोन, मग बरेच. बाईंनी नजर फिरवून मोजले आणि मान हलवली. सुनेने खाली पाहिलं. कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच, सगळ्यांना दिसत होतं.

कानसेन कान टवकारून बसले होते. थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

"कुणीच नाही ना?" ते म्हणाले. "मला वाटलंच होतं."

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला जीव नाही म्हणतात. पण त्या क्षणी माझा पंखा थांबला असता तर बरं झालं असतं, कारण त्या खोलीत तेवढाच एक आवाज चालू होता. ही सगळी मंडळी वर्षानुवर्षं न दिसणाऱ्यांसाठी घसा कोरडा करत आली होती. त्यांच्यात दुष्ट कुणीच नव्हतं. तरी हात वर करा म्हणताना एकाच्याही लक्षात आलं नाही.

बाई पुढे आल्या. "कानसेन," त्या म्हणाल्या, "हात वर झालेत हो."

"झालेत?"

"बरेच झालेत. चुकलं माझं. असं विचारायला नको होतं मी."

कानसेनांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. ते कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. मग ते म्हणाले, "असू द्या. आता तोंडाने सांगा. एकेकाने. मला ऐकू येतं."

आता पंचाईत झाली. हात वर करणं सोपं असतं. या माणसाने प्रत्येकाचा आवाज वर्षानुवर्षं कानाला लावून ऐकला होता. कुणाला सर्दी झालीय, कोण घरी भांडून आलंय, कोण न समजता वाचतंय, हे त्याला कळायचं. दंतवैद्यांनी दोनदा घसा साफ केला. "मी थोरल्यासाठी हात वर केला होता," ते म्हणाले. "त्यातली चित्रं मला आवडली. दुसरं कारण नाही. मी... मी हात मागे घेतो." आणखी काही जणांनी हात मागे घेतले. एक आजी मात्र म्हणाल्या, "मी थोरल्याच्याच बाजूची. माउस मला जमतो, कळा जमत नाहीत. तुमच्या तोंडावर सांगते, राग मानू नका."

"राग कसला," कानसेन म्हणाले. "स्वच्छ बोललात."

सगळ्यांचं झालं, बाई उरल्या.

"मला धाकट्याची भीती वाटते," शेवटी त्या म्हणाल्या. "अजूनही वाटते. पण तुम्ही न तपासलेलं पुस्तक मी बाहेर पाठवणार नाही. म्हणजे धाकटाच आला की."

असा धाकटा आमच्या घरी राहिला. इथे गोष्ट संपली असती तर मला जरा विसावा मिळाला असता. पण बाईंची भीती काही खोटी नव्हती. वर्ष उलटायच्या आत धाकट्याची एक नवी आवृत्ती आली आणि तिच्यात बोलणंच बिघडलं. कळ दाबली की तो भलतंच पान सांगायचा. धाकट्याच्या लोकांना पत्र लिहिलं, उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, उत्तर नाही. कानसेन दिवसभर माझ्यासमोर हात मांडीवर ठेवून बसत आणि संध्याकाळी काठी घेऊन घरी जात.

"मी सांगत होते," बाई म्हणाल्या.

सून चिडली. "आता कडक शब्दांत लिहिते," ती म्हणाली आणि माझ्यासमोर बसली.

"थांब जरा," कानसेन म्हणाले. "तक्रार नंतर लिही. आधी विचार, थकलात का?"

"असं विचारायचं? ओळख ना पाळख!"

"लिही तर."

तिने तेवढंच लिहिलं. या वेळी उत्तर आलं. कुठल्या तरी दूरच्या गावचा माणूस होता. दिवसभर मालाची गाडी चालवायचा आणि उरलेल्या वेळात धाकट्याला सांभाळायचा. बरोबरचे सगळे एकेक करून निघून गेले होते. जगभरातून रोज तक्रारी यायच्या, आणि त्या उघडायचीच त्याने सोडून दिली होती. 'तुमचं पत्र का उघडलं कुणास ठाऊक,' त्याने लिहिलं होतं. 'हो, थकलोय. फार थकलोय.'

कानसेनांनी ते सुनेकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "ऐकायचं काम माझं. नवी आवृत्ती आली की आधी मी कानाला लावीन, मगच ती जगाला जाईल. दुरुस्तीचं तू बघशील का?"

सुनेने सासूकडे पाहिलं. तिला सुटीचा एकच दिवस मिळायचा. बाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "घरचं मी बघते. आणि त्या बिचाऱ्याला म्हणावं, ज्यांना अडतंय त्यांना आमचा नंबर दे. उचलीन मी फोन."

आता मी फार थकलो आहे. दिवसभर फोन वाजतो, बाई परक्या माणसांना कुठली कळ दाबायची ते ओरडून सांगतात, सून येते आणि माझ्या पोटात काहीबाही उसवून पुन्हा शिवते. दूरच्या त्या माणसाची पत्रं आता थोडी लांब येतात आणि त्यांत क्वचित एखादा विनोदही असतो. धाकटा आता बरोबर पान सांगतो आणि कानसेन पुन्हा एकटे बसून पुस्तकं तपासतात. त्यांना कुणाचा हात धरावा लागत नाही.

मित्रांनो, तुम्ही वापरता त्यातल्या पुष्कळ गोष्टी कुणीतरी तुम्हाला फुकट दिलेल्या असतात. फुकट मिळालेलं फुकट टिकत नाही. त्या कुठेतरी कुणाच्या तरी खांद्यावर असतात आणि तो खांदा दुखत असतो. तुम्हाला मोठं काही करता आलं नाही तरी चालेल. तक्रार करायच्या आधी एकदा विचारा.

परवा काम आटोपल्यावर कानसेन मला बंद करायला वाकले आणि त्यांचा हात माझ्या अंगावर टेकला. मी चांगलाच तापलो होतो. त्यांनी हात लगेच उचलला नाही.

"दमलास का रे?" ते म्हणाले.

मला बोलता येत नाही. पण आलं असतं, तर मी 'नाही' म्हणालो असतो.