भाऊबिजेची लॉरी

चौतीस साली आमच्या भागात लॉरी चालवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यात नांगरामागून आलेला मी एकटा. त्यामुळे माझ्या डोक्यात जरा हवा गेली होती, हे आधीच कबूल करतो.

थोरली बहीण राही. आई शेतावर जायची, म्हणून मला कडेवर वागवलं ते तिनेच. तिचं सासर संगमेश्वराच्या अलीकडे, सडकेला लागून. तीन दिवाळ्या तिला माहेर दिसलं नव्हतं. कापणीच्या दिवसांत सासू सोडायची नाही. त्या साली मी निरोप धाडला, "भाऊबिजेच्या आदल्या दिवशी भाताची पोती घेऊन रत्नागिरीला निघतो. सडकेवर उभी राहा, मोटारीतून नेतो." मोटारीचं नाव ऐकून सासू विरघळली. सून मोटारीतून जाणार म्हणजे घराचाही तोरा वाढणार!

त्या दिवशी नेमके मालकांचे मुंबईचे जावई माझ्या शेजारी येऊन बसले. दोन्ही अंगांना पिवळी शेतं, बांधाबांधावर कापणी चाललेली. ते नाकाला रुमाल लावून म्हणाले, "तू मात्र खेडवळ वाटत नाहीस हं." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"आम्ही शहरातलेच," मी ठोकून दिलं.

वळण घेतलं आणि राही दिसली. लुगडं नवं, पण गुडघ्यापर्यंत खोचलेलं. केसांत भाताचं तूस, काखेत बोचकं. मागे सासू, जावा, अर्धी वाडी लोटलेली. तिने हात वर केला. माझा पाय ब्रेकवर गेलाच होता, तेवढ्यात जावई हसले, "बघ, मोटार बघायला कशी येड्यांची जत्रा जमलीय!"

मीही हसलो. भोंगा वाजवला आणि गाडी तशीच पुढे काढली.

रत्नागिरीत पोती उतरवून तिन्हीसांजेला मी हातखंब्याला घरी पोचलो, आणि आईने काही विचारायच्या आतच राही आली. सात कोस चालत.

"केरूनं आणलान नाय काय गो तुला?" आई धावली.

"थांबला होता गो आये. मीच चढले नाय. मना पेट्रोलचा वास सोसत नाय."

जन्मात ती कधी पेट्रोलच्या जवळपासही गेली नव्हती. आई माझ्याकडे कौतुकाने बघायला लागली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागीलदारी तिच्या पायांवर पाणी घालायला मीच गेलो. टाचा फुटून रक्त आलं होतं. मान वर न करता विचारलं, "सासूला काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, ती गाडी दुसऱ्या कोणाची. केरूची बिघडली असल, मी चालतच निघते." तिने पदराने पाय पुसले. "आमचा केरू मना बघून थांबल्याशिवाय राहील काय?"