पिवळं दिसलं की भाकरी

अप्पांच्या गाडीचे फॉग लाइट धुकं सोडून बाकी सगळ्या हवामानात चालू असायचे. चांदणं असो, आभाळ आलेलं असो, रस्ता आरशासारखा स्वच्छ असो, संध्याकाळी घराकडं येताना कॅनॉलचा पूल आला की अप्पांचा हात बटणाकडं जायचा आणि बंपरखालचे दोन पिवळे दिवे पेटायचे. आमच्या कळसला वर्षातून पाच-सहा सकाळी धुकं पडतं. त्या सकाळी अप्पा झोपलेले असायचे.

मी गणिताचा मास्तर असतो तर हे खपून गेलं असतं. पण मी बारामतीत ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. दर बॅचला सांगतो, की फॉग लाइट धुक्यात लावायचे, फार तर मुसळधार पावसात. त्यांनी खाली रस्त्याकडं बघायचं असतं, समोरच्याच्या डोळ्यांत नाही. एका काकूंनी तर हे वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. आणि इकडं माझ्या बापाचे फॉग लाइट, तेही मान वर करून बघणारे.

अप्पा सात आसनी गाडी चालवतात. सकाळी कळसची माणसं बारामतीला न्यायची, कुणाला दवाखाना, कुणाला कॉलेज, कुणाला मार्केट यार्ड, आणि संध्याकाळी परत आणायची. गाडी घेतली त्याच आठवड्यात त्यांनी हे दिवे बसवून घेतले. दुकानदार पांढरे चांगले म्हणत होता. अप्पा म्हणाले, पिवळे नसतील तर नकोतच. आम्हाला वाटलं, हौस.

तक्रार केली ती आबाजी तात्यांनी. तात्यांचं रान पुलाला लागूनच आहे, वय सत्तर, वाहन मोपेड. एका संध्याकाळी पुढं अंड्यांचा ट्रे घेऊन ते पुलावर आले, समोरून अप्पा आले, आणि तात्या मोपेडसकट उसात गेले. लागलं काही नाही. ऊसही त्यांचाच होता. दुसऱ्या दिवशी एका पायात चप्पल घालून ते आमच्या दारात आले आणि अप्पांना सोडून माझ्याकडं वळले, कारण त्यांच्या हिशेबी मी ट्रॅफिकचा माणूस.

"मास्तर," ते म्हणाले, "मला वाटलं मी मेलो. दहा मिनटं तसाच गप बसलो. डोळ्यासमोर नुसता पिवळा उजेड. मग डास चावायला लागलं. म्हनलं, वरबी डास हायतीच."

अप्पांनी त्यांना चहा पाजला, माफी मागितली, अंड्यांचा नवा ट्रे आणून दिला, आणि त्याच संध्याकाळी पुलावर पुन्हा दिवे लावले.

मग मी काय केलं, तर दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीचं बॉनेट उघडलं आणि फॉग लाइटचा फ्यूज काढून घेतला. नखाएवढी वस्तू. ती शर्टाच्या खिशात टाकली आणि बापाला वळण लावल्याच्या समाधानात कामाला गेलो.

त्या संध्याकाळी मी घरात होतो. गाडी आली, अंगणात थांबली, अप्पा आत येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आई पाठमोरी होती. पीठ मळून झाकून ठेवलेलं, तवा खाली उतरवलेला, आणि ती खिडकीतून बाहेर बघत बसलेली. वळली आणि अप्पांना बघून इतकी दचकली, की तिच्या हातातली परात खाली पडली.

तिनं विचारलं, कधी आलात. अप्पा म्हणाले, आत्ताच. मग ते पाट ओढून बसले आणि दुपारची गार भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले. आई समोर बसून राहिली. घरात पाहुणे आलेत आणि आपण अजून केर काढलेला नाही, असा तिचा चेहरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं भाकऱ्या जास्त केल्या. जास्त म्हणजे सतरा. घरात माणसं तीन. साखर कारखाने सुरू होते, पुलावरून ट्रॅक्टर, ट्रॉल्या, टेम्पो, काय काय जात होतं. दिवा दिसला की आई भाकरी थापायची. अप्पा नेमके अठराव्या दिव्याला आले. उरलेल्या भाकऱ्या कुत्र्याला घातल्या. सहावी खाल्ल्यावर कुत्रं उठून दुसऱ्याच्या दारात जाऊन बसलं.

तिसऱ्या दिवशी मी घरी पोचलो तेव्हा आई घरापुढच्या ओट्यावर उभी होती. गार वारा सुटला होता. पदर कानावरून घट्ट ओढून ती पुलाकडं बघत होती. आमचं घर उंचवट्यावर आहे. मधल्या रानात काही आड येत नाही, त्यामुळं पूल सरळ दिसतो. मी तिच्या पुढ्यात जाऊन मोठ्यानं म्हणालो, थंडीत कशाला उभी राहतेस, अप्पांना पुलावर आल्यावर फोन करायला सांगतो. आईला तीन-चार वर्षांपासून फार कमी ऐकू येतं. कानाचं मशीन आहे, ते लग्नकार्याला बाहेर निघतं. मग मी म्हणालो, फोन थरथरणारा ठेवू, कमरेला खोच. हा प्रयोग तिनं पूर्वी केला होता. कमरेला पाल चिकटली समजून तिनं तो फोन विहिरीत भिरकावला होता.

ती हसली. मग कमरेची पिशवी उघडून तिनं माझ्या हातावर काहीतरी ठेवलं.

"तुझं शर्टाच्या खिशात ऱ्हायलं हुतं. धुताना घावलं. कामाचं आसंल म्हनून ठिवलं."

तो फ्यूज होता.

मी कशाचा म्हणून सांगितलं नाही. तिलाच सांगावंसं वाटत होतं. पुलावरची नजर न काढता ती बोलत राहिली.

आमच्याकडं मेंढरं होती तेव्हाची गोष्ट. आई नवी नवरी होती. सगळं बिऱ्हाड घोड्यावर घालून माणसं गावोगाव फिरायची. उद्या कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची ते ठरवायला अप्पा संध्याकाळी पुढं जायचे आणि अंधार पडल्यावर परतायचे. लांबून बॅटरी दिसली, की बायका तीन दगडांच्या चुलीवर आपापल्या माणसाची भाकरी टाकायच्या. आता बॅटऱ्या सगळ्यांच्या सारख्याच. आई रोज चुकायची. दुसऱ्याच्या नवऱ्याला बघून भाकरी टाकायची, आणि बाकीच्या बायका हसून हसून लोळायच्या. आईनं अप्पांना काही सांगितलं नाही. अप्पांनीही काही विचारलं नाही. फक्त एका संध्याकाळी अंधारातून येणाऱ्या दिव्यांमधला एक दिवा पिवळा होता. अप्पांनी बॅटरीच्या काचेवर मिठाईच्या पुड्याचा पिवळा कागद बांधला होता.

"तवापासनं येकदाबी चुकले न्हाय बग," आई म्हणाली. "ह्या तीन दिसांतच काय झालंय कुणाला ठावं. डोळं गेलं का काय माझं."

मी तिच्या समोर आलो, तोंड दिसेल असा उभा राहिलो आणि म्हणालो, "आई, तुझे डोळे चांगले आहेत. दिवेच बंद आहेत. मी केलेत." आबाजी तात्या, ऊस, अंडी, सगळं सांगितलं.

तिनं नीट ऐकलं. रागावेल म्हणून मी तयार होतो.

"बरं केलंस," ती म्हणाली. "आबाजींचं वय झालंय. पन मंग मला कळनार कसं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर ड्रायव्हिंग स्कूलच्या पुस्तकात नाही. मी रात्री उघडून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अप्पांना मी सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "ठावं हाय. फ्यूज न्हाय ते पयल्याच दिशी बगितलं म्या. म्हनलं मास्तर हाय, कायतरी शिकवत आसंल." आणि गाडी पुसत राहिले. आईला त्यांनी काही सांगितलं नव्हतं, कारण पिवळ्या दिव्याची गोष्ट त्यांनी आजवर तोंडानं कधी सांगितलीच नव्हती.

आम्ही दोघं पुलावर गेलो. रस्त्याच्या कडेला आबाजी तात्यांच्या रानात जायची वाट आहे, थोडी चढाची. गाडी तिथं आत घेतली, तर रस्त्यावरच्या कुणाच्याच डोळ्यांत उजेड जात नाही आणि गाडीचं नाक बरोबर आमच्या घराकडं होतं. म्हणजे फॉग लाइटनी मान वर करायचीही गरज नाही. मी पाना घेऊन दोन्ही दिवे खाली वाकवले, रस्त्याकडं बघायला लावले आणि फ्यूज परत बसवला. राहिली तात्यांची परवानगी.

तात्यांनी सगळी गोष्ट ऐकली, बॅटरीच्या कागदापर्यंत. मग म्हणाले की त्यांची एक अट आहे. वाटेवरचा दगड गाडीच्या बुडाला लागतो, तो ते आजच काढतील, सिद्धूरावांनी, म्हणजे अप्पांनी, मधे यायचं नाही.

तेव्हापासून अप्पा रोज पुलापाशी गाडी आत घ्यायचे, हँडब्रेक लावायचे, दिवे लावायचे, तंबाखू मळून होईपर्यंत थांबायचे आणि मग घरी यायचे. गाडीतली माणसं आधी कुरकुरली. कारण कळल्यावर उलट वाटेतच आठवण करून द्यायला लागली. आई पुन्हा चुकेनाशी झाली. कुत्रंही परत आलं.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना जानेवारीत धुकं पडलं.

आबाजी तात्यांची सून राजनंदिनी हिला दिवस भरले होते. मध्यरात्री कळा सुरू झाल्या म्हणून अप्पा, मी, तात्या आणि त्यांचा मुलगा तिला घेऊन बारामतीला गेलो. साडेपाचला मुलगी झाली. दोघीही खुशाल. तात्यांचा मुलगा दवाखान्यात थांबला आणि आम्ही तिघं निघालो, कारण तात्यांच्या म्हशी धारेच्या वेळेला कुणासाठी थांबत नाहीत.

बारामती सुटली आणि धुकं लागलं. कळस जवळ आलं तसं ते इतकं दाट झालं की गाडीचं बॉनेट दिसत होतं, त्यापुढं जग नव्हतं. दोन्ही बाजूंना ऊस. अप्पा बैलगाडीच्या चालीनं गाडी चालवत होते. मी इतकी वर्षं ज्या क्षणाबद्दल शिकवत आलो तो हाच होता.

"अप्पा, फॉग लाइट लावा."

"न्हाय," अप्पा म्हणाले.

मला वाटलं ऐकू आलं नसावं. पण ऐकू आईला येत नाही.

"अप्पा, हे धुकं आहे. हे दिवे ह्याच्यासाठीच असतात."

"आसत्याल. सकाळच्या पारी पिवळं दिसलं तर ती भाकरी टाकील. आपुन असं मुंगीवानी जाणार. गार हुईल."

मागून आबाजी तात्या हळूच म्हणाले, "सिद्धूराव, लाव की रं. मला नात बघायचीय अजून नीट. आता उसात जायाचं वय न्हाय माझं."

"अप्पा," मी म्हणालो, "एवढ्या धुक्यात तिला काही दिसणारच नाही."

हे मी समजूत घालायला म्हणालो होतो. अप्पांनी गाडी आणखीनच हळू केली. थोड्या वेळानं म्हणाले, "दिसनार न्हाय, व्हय? मंग तिला कळनार कसं?"

तेच वाक्य. अप्पांनी बटण दाबलं.

पिवळा उजेड धुक्याच्या खालून, रस्त्याला चिकटून पुढं गेला, आणि त्यात पंधरा पावलांवर उसाची ट्रॉली उभी दिसली. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. टायर बसला असावा. अप्पांनी ब्रेक लावला. तात्यांनी मागून माझा खांदा धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. खाली उतरून आम्ही ट्रॉलीच्या मागं उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, म्हणजे वाढ्यांचा, भारा टाकला, ट्रॅक्टरवाल्याला हाका मारून उठवलं, माझी बॅटरी त्याच्या हातात दिली आणि त्याला रस्त्याकडं तोंड करून उभं केलं.

पूल आला. मला वाटलं, आज सरळ जातील. अप्पांनी गाडी तात्यांच्या वाटेवर आत घेतली. हँडब्रेक लावला. समोर पांढरी भिंत होती. घर, ओटा, खिडकी, काही नव्हतं. दोन पिवळे दिवे त्या पांढऱ्यात गेले आणि तिथंच विरले. अप्पांनी तंबाखू मळली. रोज मळतात तेवढीच. मग ते म्हणाले, "चला."

घरी आलो तर धुक्यात धुराचा वास. आई चुलीपुढं घामाघूम. तिच्या बाजूला टोपलीत भाकऱ्यांची चवड, तिच्या खांद्याला लागेल एवढी. अप्पा दारात उभे राहिले. आज ती दचकली नाही.

अप्पांनी हातानंच विचारलं, दिसलं का?

"ह्या धुक्यात कुठलं दिसतंय," आई म्हणाली. "दिसंना, म्हनून सा वाजल्यापासनं टाकतीच हाय. म्हनलं, कवाबी आलं तर वरची तरी गरम आसंल."

तात्या आत आले, पाट शोधून बसले आणि म्हणाले की धार काढायला थोडा उशीर झाला तर म्हशी समजून घेतील. अप्पांनी चवडीवरची पहिली भाकरी उचलली, आणि चटका बसला म्हणून ह्या हातातून त्या हातात घेत राहिले. बराच वेळ. खाली मात्र ठेवली नाही.