दंडाची पावती

मासवणच्या वरच्या पाड्यातल्या झिपरूने डोंगराच्या उतारावरचा तो तुकडा स्वतःच्या हातांनी काढला होता. करवंदीच्या जाळ्या तोडल्या, बुंधे जाळले, दगड उपसून खालच्या अंगाला बांध रचला. बायडीशी लग्न झालं त्या वर्षी तिथे पहिल्यांदा नाचणी झाली. पुढे तीन-चार पावसाळ्यांत बांधाआड माती साचली आणि खालच्या दोन खाचरांत भातही यायला लागलं. वरच्या टोकाला त्याने कुडाचं घर घातलं. झिपरूचा माळ म्हटलं की पाड्यातलं शेंबडं पोरही तिकडेच बोट दाखवायचं.

कागदावर मात्र ते जंगल होतं. दर वर्षी पीक उभं असताना जंगलखात्याचा गार्ड वर यायचा. जंगलात शेती केली म्हणून केस करायची आणि दंड भरायला लावायचा, हे त्याचं काम. झिपरूने पहिल्याच वर्षी त्याच्याशी जमवून घेतलं. एक कोंबडा, मोहाची बाटली, नवी वरई. पण एवढा मोठा माळ झाकून ठेवता येत नव्हता. केस कुणावर तरी व्हायलाच हवी होती. ती भिकावर व्हायची.

भिका म्हणजे झिपरूच्या बहिणीचा, ठकीचा नवरा. आईबाप लहानपणीच गेलेले, लग्नात मुलीकडच्यांना द्यायचं देज जवळ नव्हतं, म्हणून तो झिपरूच्याच घरी घरजावई राहिला. देज फिटेपर्यंत राबायचं असं ठरलं होतं. ते फिटलं की नाही हे झिपरूने सांगायचं होतं, आणि झिपरूने ते कधी सांगितलं नाही. गार्ड यायच्या दिवशी तो भिकाच्या हातात विळा द्यायचा आणि त्याला माळावर उभा करायचा.

"तुझं काय हाय जायला?" एवढंच म्हणायचा.

गार्ड भिकाचं नाव लिहायचा, माळाच्या चारी बाजूंच्या खुणा लिहायचा, अंगठा घ्यायचा. दंडही भिकाच भरायचा, दिवाळीनंतर खाली वाडीवाल्यांच्या कुरणात गवत कापून. एका वर्षी त्याला ताप आला, गवत कापायला जाता आलं नाही. त्याला धरून नेलं आणि आठ दिवस आत ठेवलं. दंड भर म्हणून ठकी रोज भावाच्या पाया पडत होती. झिपरू म्हणाला, सरकारी भाकर खाऊन येईल, माझी तेवढी वाचेल. भिका परत आला तेव्हा त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. मग झिपरूला एक खेळच झाला. चार माणसं बसली की तो मुद्दाम भिकाच्या डाव्या बाजूला जाऊन हळू आवाजात शिव्या द्यायचा. भिकाला काही कळायचं नाही. बाकीचे हसले की तोही हसायचा.

दंडाच्या पावत्या ठकी वेळूच्या नळीत घालून ठेवायची. झिपरूने त्यावरूनही तिला बोलून घेतलं होतं. नवऱ्याने मार खाल्ल्याचे कागद जपणारी बायको त्याने पहिल्यांदाच बघितली म्हणे.

एकोणऐंशी साली सरकारचा हुकूम आला. अठ्ठ्याहत्तरच्या आधीपासून जे जंगलातली जमीन कसून खातात, त्यांच्या नावावर ती करून द्यायची. शाळेच्या व्हरांड्यात चौकशी बसली. तलाठी आनंदा म्हणून घाटावरचा माणूस होता, नुकताच बदलून आलेला. गार्ड होता, आणि पाड्यातला म्हातारा जिवल्या पंच होता. झिपरू धुतलेला सदरा घालून गेला. साक्षीला राहील म्हणून भिकालाही बरोबर घेतलं, आणि त्या पावत्या आण म्हणून सांगितलं. माळ जुना आहे हे त्यांवरून दिसेल, असा त्याचा हिशेब.

आनंदाने पावत्या एकेक करून वाचल्या. अकरा होत्या. अकराही भिकाच्या नावाच्या.

झिपरूने बांधाचं सांगितलं, जाळलेल्या बुंध्यांचं सांगितलं. आनंदाने गार्डकडे पाहिलं. कोंबडे खाल्ले हे गार्ड कसं सांगणार? तो म्हणाला, मला तिथे दर वर्षी भिकाच सापडला. मग जिवल्याला विचारलं. जिवल्याची शेळी एकदा माळात शिरली होती, तेव्हा झिपरूने दगड मारून तिचा पाय मोडला होता. जिवल्या जमिनीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आमी काय सांगू? कागद काय सांगतो ते लिवा."

शेवटी आनंदाने भिकाला विचारलं. भिकाने उजवा कान पुढे केला. आनंदाने पुन्हा विचारलं, माळ कोण कसतो?

झिपरू त्याच्याकडे बघत होता. इतकी वर्षं नुसतं असं बघितलं की भिका उठायचा.

"मी कसतो," भिका म्हणाला.

आनंदाने माळ भिकाच्या नावावर लिहिला. बाकीचे पांगले तरी झिपरू व्हरांड्यातून हलला नाही. आनंदा कागद बांधत होता, तेव्हा झिपरूने त्याला अडवलं. झाडं त्याने तोडली, दगड त्याने उपसले, बांधात एका बोटाचं पेर चेंगरून गेलं ते त्याचं. मग जमीन दुसऱ्याची कशी?

"सरकारला तू कधी काही दिलंस?" आनंदाने विचारलं.

"सरकारने तिथं कवा एक दगड उचलला? मी कशाला देऊ?"

"बरोबर आहे. पण सरकारला त्या माळावरचा एकच माणूस ठाऊक आहे. दंड भरणारा. तुझं नाव सरकारने ऐकलेलंच नाही."

"म्हंजे जो गुन्हेगार, त्याची जमीन?"

आनंदाने कागदांची गाठ आवळली. तो वाईट माणूस नव्हता, फक्त थकलेला होता. मग त्याने आपल्या आज्याचं सांगितलं. आज्याने साठ वर्षं शेतसारा भरला, एक साल चुकवलं नाही, आणि धरण झालं तेव्हा सगळी जमीन पाण्याखाली गेली. साऱ्याच्या पावत्या ट्रंकेत तशाच राहिल्या. "तेव्हा मी कुणाकडे जाऊन विचारायचं होतं?" असं म्हणून त्याने दप्तर काखेला मारलं आणि तो एसटी धरायला निघून गेला.

झिपरू घरी आला तो हातात कुऱ्हाड घेऊनच भिकावर धावला. भिका उठून उभा राहिला, मागे सरला नाही. बायडीने नवऱ्याचा हात धरला. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं झिपरूला पुढे अनेकदा वाटलं. त्या क्षणी मात्र त्याला दिसलं की दाराशी जिवल्या आणि पाड्यातले आणखी चौघे उभे आहेत, आणि ते भिकासाठी उभे आहेत.

घराचं भिका काही बोलला नाही. ते ठकी बोलली. घर माळाच्या खुणांच्या आत येतं, तेव्हा होळीच्या आधी दुसरीकडे बघा, म्हणाली.

"सख्ख्या भावाला काढतेस?"

"ते आठ दिवस मला भाऊ पायजे होता," ठकी म्हणाली. "आता नाय लागत."

झिपरू आणि बायडी बोईसरला गेली. कारखान्यांची कुंपणं बांधायचं काम चाललं होतं. ती दोघं पाया खणायची आणि भिंतीच्या कडेला प्लास्टिक ताणून राहायची. झिपरूला तिथलं हिंदी समजायचं नाही. मुकादम त्याला "ए बुढ्ढा" म्हणायचा. त्याची चाळिशीही उलटली नव्हती. सहा-सात फूट खणून मुरूम लागला की तो थांबायचा, मुठीत घेऊन बघायचा, आणि मुकादम ओरडला की टाकून द्यायचा.

पुढच्या कापणीला ठकी माणसं शोधतेय, असं बोईसरला त्यांच्या कानावर आलं. बायडी म्हणाली, मी जाते. झिपरूने दोन दिवस तिला अडवलं. तिसऱ्या दिवशी तोच तिच्या पुढे चालत होता.

भिकाने त्यांना बाकीच्या मजुरांबरोबर उभं केलं. झिपरूला वरचा चढाचा भाग दिला. तिथली नाचणी कापताना त्याला खाली बघावं लागत नव्हतं; दगड कुठे आहेत ते पायांना ठाऊक होतं. दुपारी सगळ्यांना भाकर वाढून झाली, मग ठकीने त्याला वाढली. पाचव्या दिवशी कापणी उरकली. झिपरू बराच वेळ घुटमळला, मग भिकाच्या उजव्या बाजूला जाऊन बसला आणि म्हणाला, पुढच्या साली अर्धेलीने दे. मेहनत माझी, अर्धं तुझं.

आयुष्यात पहिल्यांदाच त्याने भिकाकडे काही मागितलं होतं. भिका नांगराची पाचर ठोकत होता. त्याने ती पुरी बसवली.

"नाय परवडत," तो म्हणाला. "आता सारा भरायला लागतो."

मजुरीचं भात मोजून दोघांच्या पाट्यांत घातलं. बायडीने पाटी डोक्यावर घेतली आणि सवयीने खाचरातून आडवी निघाली.

"तिकडून नाय," भिका म्हणाला. "वाल पेरलाय. खालच्या वाटेने जा."

बायडी वळली. झिपरूही पाटी उचलून तिच्या मागोमाग बांध उतरला.